अनाथ, दत्तक आणि घर : 'स्मृतिचित्रे'तील परक्या मुलांचे स्थान

१

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचे विवेचन मराठी समीक्षेने मुख्यतः चार अंगांनी केले आहे : पतिपत्नींच्या नात्याचे चित्रण, धर्मांतराची कहाणी, निवेदनातील विनोद आणि बोलीच्या वळणाची अकृत्रिम भाषा. ही चारही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु या ग्रंथाचा, विशेषतः त्यातील नगर व राहुरी येथील वास्तव्याचा भाग वाचताना आणखी एक गोष्ट ठळकपणे जाणवते. टिळकांच्या घरात पोटच्या मुलांखेरीज दुसऱ्यांची मुले सतत वावरत असतात. कोणी शिक्षणासाठी आलेला, कोणी आसऱ्यासाठी, तर कोणाला टिळकांनी हाताला धरून आणलेले. या मुलांकडे समीक्षेचे लक्ष त्या मानाने थोडे गेले आहे. घरातील गर्दी किंवा टिळकांच्या लहरी औदार्याचा पुरावा एवढेच त्यांचे स्थान मानले जाते. वस्तुतः परक्याचे मूल आपले कशाने होते, या प्रश्नाचे मराठी गद्यात जे मोजके विचारणीय उत्तर सापडते, ते या पानांत आहे. त्या उत्तराचे स्वरूप व त्याच्या मर्यादा तपासणे हा येथील हेतू आहे.

हा प्रश्न नगरच्या भूमीत उभा राहिला याला ऐतिहासिक कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे १८३१ मध्ये आपले ठाणे स्थापन केले. (या शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले.) पुढे १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० या तीन दुष्काळांनी दख्खनचा हा अवर्षणप्रवण भाग होरपळून काढला. आईबापांविना उरलेल्या मुलांसाठी मिशनने अनाथगृहे व उद्योगशाळा चालविल्या. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर ते नगरला मिशनच्या कार्यात आले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई तेथे येऊन राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. म्हणजे लक्ष्मीबाईंचा ख्रिस्ती संसार ज्या काळात उभा राहिला, तोच नगरमधील अनाथगृहांच्या भरतीचा काळ होय. 'स्मृतिचित्रे'तील घर आणि मिशनचे अनाथगृह ही एकाच गावातील, एकाच आपत्तीच्या छायेतील दोन स्थाने आहेत. त्यांची तुलना म्हणूनच सयुक्तिक ठरते.

२

तुलनेपूर्वी शब्दांचा विचार आवश्यक आहे. कारण परक्याच्या मुलाला घरात घेण्याच्या कल्पना मराठीत अनेक शब्दांत विभागलेल्या आहेत आणि ते शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

'दत्तक' हा शब्द मुळात 'दत्त', म्हणजे दिलेला, यापासून आला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने दत्तविधानाचा प्राण देण्याच्या क्रियेत आहे. देणारा पिता किंवा माता असली पाहिजे. घेणाऱ्याला पुत्र हवा असतो तो पिंडोदकक्रियेसाठी आणि वंशनाम चालविण्यासाठी. 'दत्तकमीमांसा', 'दत्तकचंद्रिका' यांसारख्या निबंधांतील सारी चर्चा कोणी द्यावा, कोणी घ्यावा आणि कोणता मुलगा घेण्यास योग्य, याभोवती फिरते. या विचारसरणीचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. आईबाप गेलेल्या मुलाला देणारा कोणी उरत नाही, आणि देणारा नसल्यामुळे ते मूल दत्तक होऊच शकत नाही. ज्याला घराची गरज सर्वांत अधिक, त्यालाच दत्तविधानाचे दार बंद, अशी ही स्थिती होती. मनुस्मृतीने पुत्रांचे जे बारा प्रकार सांगितले, त्यांत 'अपविद्ध' असा एक आहे : मातापित्यांनी किंवा त्यांपैकी एकाने टाकलेला आणि दुसऱ्याने स्वीकारलेला पुत्र. म्हणजे टाकलेल्या मुलासाठी प्राचीनांपाशी शब्द होता. पण कलियुगात औरस व दत्तक हे दोनच पुत्र मान्य, असा निर्णय निबंधकारांनी दिला आणि तो शब्द ग्रंथांतच राहिला.

'अनाथ' या शब्दाचा इतिहासही असाच बोलका आहे. त्याचा अर्थ 'आईबाप नसलेला' एवढाच नव्हे. ज्याला नाथ, म्हणजे पालनकर्ता, नाही तो अनाथ. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेल्या संस्थेचे नाव 'अनाथ बालिकाश्रम' होते, हे येथे ध्यानात घ्यावे. आईबापांवाचूनच्या मुलासाठी बोलीत 'पोरका' हा अधिक नेमका शब्द आहे. घरगुती मराठीने घेण्याच्या क्रियेसाठी 'मांडीवर घेणे' आणि देण्याच्या क्रियेसाठी 'ओटीत घालणे' असे शब्दप्रयोग घडविले. मांडी आणि ओटी ही दोन्ही देहाची स्थाने आहेत. त्यांत होमहवनाचा, वंशाचा वा वारशाचा उल्लेख नाही. याखेरीज 'पोसणे' हे क्रियापद आहे. ते सर्वांत खालच्या पायरीवरचे मानले जाते, कारण पोसलेल्या मुलाला हक्क नसतो, केवळ अन्न असते.

या शब्दसंपत्तीत बायबलच्या मराठी भाषांतराने एक नवीन शब्द आणला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने ईश्वराशी असलेल्या भक्ताच्या नात्यासाठी जी संज्ञा योजिली, तिचे भाषांतर 'दत्तकपण' असे झाले. पौलाच्या मनापुढे रोमन समाजातील दत्तकाची प्रथा असावी. तीत दत्तक पुत्र पूर्ण वारस होई. मराठी भाषांतरकारांनी जो शब्द उचलला तो मात्र पिंडदानाच्या विधीशी जखडलेला होता. त्यांनी त्यातील विधी काढून टाकला आणि वारशाची कल्पना ठेविली. भर देणाऱ्यावरून घेणाऱ्याकडे सरकला. ज्याला कोणी दिले नाही, त्यालाही पिता आपणहोऊन घेतो, असा अर्थ त्या शब्दात आला. मराठी ख्रिस्ती मनाने स्वतःचे तारणच 'दत्तकपण' या रूपकात पाहावे, ही भाषेच्या इतिहासातील साधी घटना नव्हे.

३

रूपकातील ही उदारता प्रत्यक्ष अनाथाच्या वाट्याला कितपत आली? या प्रश्नाचे पहिले उत्तर संस्थांच्या गद्यात शोधावे लागते. त्या काळचे मिशनचे अहवाल, आवाहने व पत्रके हा एक स्वतंत्र गद्यप्रकार मानता येईल. नगर येथील रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी दुष्काळनिवारणाचे मोठे काम केले, त्याबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदकही मिळाले. न्यू यॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या पत्राने अमेरिकेतील वाचकांकडून दुष्काळग्रस्तांसाठी पैसा उभा केला आणि हिंदुस्थानातील अनाथ मुलांच्या पोषणाचा भार त्या वाचकांवर सोपविला. मुलांना पोट भरण्याचे साधन मिळावे म्हणून सुतारकाम, विणकाम इत्यादी उद्योग शिकविले गेले. नगर येथे चर्चिल या मिशनऱ्याने सुधारलेल्या हातमागाची ख्याती दूरवर गेली.

हे कार्य थोर होते, पण त्याच्या गद्याचा स्वभाव वेगळा होता. दात्याला पटवावयाचे असल्यामुळे त्यात मुलाचे दर्शन तीन प्रकारे घडते : संख्या, खर्च आणि छायाचित्र. आला तेव्हाचे हाडांचे सापळे झालेले मूल आणि काही महिन्यांनंतरचे स्वच्छ वस्त्रांतील मूल, अशी जोडचित्रे या प्रकाराची खूणच होऊन बसली. त्या मुलाला रुसवा नाही, हट्ट नाही, खोडी नाही. ते कृतज्ञ आहे. यात लेखकाच्या हृदयाचा दोष नाही, प्रयोजनाचा आहे. ज्या गद्याला हजारो कोसांवरील वाचकाची थैली उघडावयाची आहे, त्याला मुलाचा स्वभाव दाखविणे परवडत नाही.

दुसऱ्या बाजूनेही हेच घडले. दुष्काळातील अनाथ मुले मिशनच्या हाती जातात याविरुद्ध आर्य समाजाने चळवळ केली. लाला लजपत राय यांनी हिंदू अनाथांसाठी काम उभे केले आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. त्यांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. भुकेल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला स्वेच्छा म्हणणे कठीण आहे. परंतु या वादातही मूल हे दोन समाजांच्या शिरगणतीतील एक अंक ठरले. एका पक्षाला ते मिळालेला आत्मा वाटले, दुसऱ्याला गमावलेला. त्याला रात्री झोप लागते की नाही, हे कोणी लिहिले नाही.

पंडिता रमाबाई येथे अपवादभूत ठरतात. १८७० च्या दशकातील उपासमारीत आईबाप गमावलेल्या या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून केडगावी त्यांना आसरा दिला. त्या वेळच्या आपल्या लेखनात त्यांनी स्वतःची भूक आठवून दुसऱ्याची भूक सांगितली. मदत मागणारी आणि मदतीची गरज पूर्वी भोगलेली व्यक्ती एकच असल्यामुळे त्या गद्यात अनाथाला आतून आवाज मिळाला. तथापि मुक्ती सदनाचा विस्तार शेकडो मुलींचा होता. तेथेही संस्था घरापेक्षा मोठी होणे अटळ होते.

४

या पार्श्वभूमीवर 'स्मृतिचित्रे' वाचली म्हणजे तिचे वेगळेपण स्पष्ट होते. हा ग्रंथ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाला आणि त्याचा शेवटचा भाग १९३६ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या निधनाच्या वर्षी, बाहेर आला. म्हणजे तो घटनांनंतर तीस-पस्तीस वर्षांनी, कोणाकडून काही मागावयाचे नसताना लिहिलेला आहे. येथे दाता नाही, म्हणून आवाहनही नाही. मूल दारातून आत येते तेव्हा लक्ष्मीबाईंपुढे प्रश्न असतो तो आत्म्याचा नव्हे, भाकरीचा. टिळकांच्या हाती पैसा टिकत नाही आणि त्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. घरात आणखी एक ताट वाढले की त्याची तजवीज लक्ष्मीबाईंनी करावयाची. या विसंगतीतून ग्रंथाचा विनोद निर्माण होतो. पण विनोदाच्या आड एक गंभीर श्रमविभागणी आहे. करुणेची ऊर्मी टिळकांची, करुणेचे कष्ट लक्ष्मीबाईंचे.

टिळकांच्या काव्याशी तुलना केल्यास हे अधिक उघड होते. 'केवढे हे क्रौर्य' या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत घायाळ पक्षिणी आणि तिची पिले यांच्या निमित्ताने वात्सल्याची परिसीमा रेखाटली आहे. तेथील भावना शुद्ध व उत्कट आहे, पण ती एका क्षणाची आहे. लक्ष्मीबाईंच्या गद्यातील वात्सल्य अनेक दिवसांचे, म्हणून रोजच्या कामाने मळलेले असते. त्यात चिडचीड आहे, काटकसर आहे, क्वचित नकारही आहे. कवितेत मातृत्व दिसते, गद्यात ते चालते. परक्या मुलाच्या बाबतीत दुसऱ्या प्रकाराची कसोटी अधिक कठोर असते. क्षणाची दया कोणालाही येते, पण तिसऱ्या महिन्यातही त्याच मुलाच्या हट्टावर रागावता येणे आणि रागावूनही त्याला जेवू घालणे, यातच ते मूल घरचे झाल्याची खूण आहे. अनाथगृहाच्या अहवालातील मुलावर कोणी रागावत नाही. 'स्मृतिचित्रे'तील मुलांवर लक्ष्मीबाई रागावतात. ग्रंथाने दिलेले उत्तर या भेदात आहे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, यांचे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात या किशोरवयीन कवीची प्रतिभा लोकांपुढे आली आणि पुढे तो टिळकांच्या नगरच्या घरी येऊन राहिला. तो अनाथ नव्हता, दत्तकही नव्हता. तरीही 'स्मृतिचित्रे'त त्याचे जे चित्र आहे ते आईने रंगविलेल्या मुलाचे आहे. मराठी काव्यात ज्याच्याभोवती निसर्गकवीचे तेजोवलय आहे, तो येथे लहरी, हळवा, रुसणारा मुलगा म्हणून घरभर वावरतो. या प्रकरणाचे वाङ्मयीन महत्त्व सर्वमान्य आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट विशेष आहे. ख्रिस्ती उपदेशक म्हणून ख्यात असलेल्या गृहस्थाच्या घरात हा हिंदू ब्राह्मण मुलगा पुत्रवत् वाढला आणि हिंदूच राहिला. घर देणे आणि धर्म देणे या दोन क्रिया वेगळ्या होऊ शकतात, हे नगरच्या एका ख्रिस्ती घराने अनाथगृहांच्या वादाच्या ऐन काळात दाखवून दिले. अर्थात बालकवी हा प्रतिभावंत, आईबाप असलेला, उच्चवर्णीय मुलगा होता. निराधार मुलाला निवडीचे तेवढे स्वातंत्र्य होते असे यावरून सिद्ध होत नाही. उदाहरण शक्यता दाखविते, नियम नव्हे.

ग्रंथाची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. 'स्मृतिचित्रे'तील परकी मुले नेहमी सांभाळणारीच्या नजरेतून दिसतात. ज्या घरातून ती आली, तिथली आई या चित्रात जवळजवळ नसते. 'दत्तक' या शब्दातील देणारा येथे पुसला जातो आणि त्याची जागा दुष्काळ, दारिद्र्य किंवा नशीब घेते. मुलाच्या मनात पहिल्या घराची जी आठवण असेल, तिला या ग्रंथात शब्द मिळालेले नाहीत. या बाबतीत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण सहज आठवते. बालहत्या प्रतिबंधक गृहात आलेल्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि त्याची जन्मकथा लपविली नाही. त्या मुलाचा हक्क निश्चित करण्यासाठी जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्रही केले. प्रेमाला कागदाची जोड लागते हे फुल्यांनी ओळखले होते. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात प्रेम व अन्न आहे, कागद नाही.

५

कागदाचा हा अभाव केवळ एका ग्रंथाचा नव्हता. तो मराठी ख्रिस्ती समाजाच्या कायदेशीर स्थितीचा भाग होता. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीलाही दत्तक घेण्याची मोकळीक दिली आणि १९६२ च्या दुरुस्तीने आईबाप नसलेले किंवा टाकलेले मूल न्यायालयाच्या परवानगीने पालकाकरवी देता येऊ लागले. 'अपविद्धा'ला शतकांनंतर पुन्हा दार उघडले ते असे. पण हा कायदा ख्रिस्त्यांना लागू नव्हता. ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे, तेही मूल सज्ञान झाले की संपे. वारसाहक्कासाठी मृत्युपत्राचाच आधार उरे. १९७२ व १९८० ची सर्वधर्मीय दत्तक विधेयके संमत झाली नाहीत. ज्या समाजाच्या धर्मग्रंथात 'दत्तकपण' हे तारणाचे रूपक आहे, त्याच समाजाला प्रत्यक्ष मूल दत्तक घेण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क २००० चा बालन्याय कायदा आणि त्याची २००६ ची दुरुस्ती यांपर्यंत लाभला नाही. मधल्या काळात ख्रिस्ती घरांत जी परकी मुले वाढली, ती कायद्याच्या भाषेत पोसलेलीच राहिली.

आज परिस्थिती पालटली आहे. १९८४ मधील लक्ष्मीकांत पांडे खटल्याच्या निकालाने परदेशी दत्तकांवर नियंत्रण आले. २०१५ च्या कायद्याखाली दत्तक देणारी संस्था ख्रिस्ती असो वा अन्यधर्मीय, तिला नोंदणी करावी लागते आणि इच्छुक पालकांची निवड केंद्रीय यादीच्या क्रमाने होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हादंडाधिकारी देतात. संस्थेची श्रद्धा आणि मुलाचे भवितव्य यांची गाठ कायद्याने सोडविली आहे. ती सोडविताना ताणही पडला. एकट्या व्यक्तीला मूल देण्याच्या नियमाशी आपली श्रद्धा जुळत नाही, या कारणाने मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेने २०१५ मध्ये भारतातील दत्तककार्यातून अंग काढून घेतले. खुद्द नगरमध्ये हे कार्य आज स्नेहालय या संस्थेचे 'स्नेहांकुर' केंद्र करीत आहे. त्याचा पाया धर्मप्रसाराचा नाही.

या सर्वांवरून 'स्मृतिचित्रे'चे मूल्य कमी होत नाही, उलट त्याचे नेमके स्थान कळते. शास्त्राने देणाऱ्याचा विचार केला, धर्मग्रंथाने घेणाऱ्याच्या कृपेचा, संस्थांच्या अहवालांनी दात्याचा आणि अलीकडील कायद्याने मुलाच्या हक्काचा. घेतल्यानंतरच्या रोजच्या दिवसाचा विचार या चौघांच्या कक्षेबाहेर राहिला. तो लक्ष्मीबाईंनी केला, आणि तोही सिद्धांत म्हणून नव्हे तर भांडण, स्वयंपाक आणि आजारपण यांच्या वर्णनातून. कायदा मुलाला नाव व वारसा देऊ शकतो आणि ते द्यावेच लागते, फुल्यांचे मृत्युपत्र व ख्रिस्ती समाजाची दीर्घ प्रतीक्षा याची साक्ष आहेत. पण 'मांडीवर घेणे' या शब्दप्रयोगात जी कृती अभिप्रेत आहे, ती कोणत्याही आदेशाने पूर्ण होत नाही. मराठी गद्यात तिचे सविस्तर, अलंकाररहित चित्रण जेथे सापडते, त्या मोजक्या ग्रंथांत 'स्मृतिचित्रे'ची गणना केली पाहिजे. त्या चित्रातील पहिल्या आईची रिकामी जागा भरून काढणारे लेखन, म्हणजे दत्तक गेलेल्या मुलाने स्वतः सांगितलेली कथा, हा यापुढील अभ्यासकांनी शोधावयाचा विषय आहे.